खांबाखाली वाद नाही

९ मार्च

भिंगरे,

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, हे माझ्या डोक्यात शिरायला आठवडा गेला. मला आपलं वाटत होतं, तू घर सोडून गेलीस तिकडे रेंज मिळत नसेल. शेवटी बाबांनी सांगितलं, तेही पेपरातून डोकं वर न काढता, ‘‘तिनं तुला ब्लॉक केलंय. मीठ दे जरा इकडे.’’

म्हणून हा कागद. कागदाला ब्लॉक करता येत नाही. फाडता येतो, पण तू लहानपणापासूनची भोचक. वाचल्याशिवाय फाडणार नाहीस, याची मला खात्री आहे.

रविवारी तुझा फोन येतो तेव्हा मी ओट्यापाशी उभी राहून एकच ताट पुसत असते. बाबांचं काय चालतं ते तुला कळत असेलच. तू काही बोललीस की ते तेच वाक्य मोठ्यानं परत म्हणतात. ‘‘अच्छा, खोली दुसऱ्या मजल्यावर आहे!’’ ‘‘अच्छा, पाणी गार असतं!’’ मला ऐकू यावं म्हणून. मग फोन ठेवून विचारतात, ‘‘तुला काही विचारायचं होतं का?’’ मी म्हणते, ‘‘मला कशाला?’’ असं आमचं नाटक दर आठवड्याला होतं.

आता मुद्द्याचं. मी माफी मागणार नाही. तू माझ्याशी पुन्हा बोलावंस, एवढं मात्र मागणार आहे, आणि ते मिळेपर्यंत लिहीत राहणार आहे. माझा हट्ट तुला ठाऊक आहे. तुझाही मला ठाऊक आहे. बघू कुणाचा आधी झिजतो.

तू तिकडे सगळ्यांना सांगत असशील की सख्ख्या बहिणीनं माझी निवड घालवली. ते खोटं नाही. पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं मी सांगते, कारण त्या दिवशी तू मला तोंड उघडू दिलं नाहीस.

काइटसर्फिंगच्या निवड स्पर्धेचा शेवटचा दिवस. तू गुणांत तिसरी, संघात जागा दोन, आणि शेवटची एक शर्यत बाकी. ती जिंकली असतीस तर तू संघात होतीस. हे मी विसरले होते असं वाटतं तुला? तुझे गुण तुझ्यापेक्षा मला जास्त पाठ होते.

सकाळपासून अंगाला चिकटणारा उकाडा होता. दुपारी समुद्रावरून झकास वारा उठला. तुम्ही सगळे पायाखाली फळी आणि कमरेला नऊ मीटरचे काइट बांधून लाटांवर उड्या मारत होतात. खांबावर मीच चढवलेला हिरवा झेंडा होता. पण माझी नजर तुमच्याकडे नव्हती, पाठीमागच्या डोंगरांकडे होती. तिथे ढग चढत होते, फुलकोबीच्या गड्ड्यांसारखे, एकावर एक. आणि मग वारा पडला. एकदम. हिरवा झेंडा खांबाला चिकटला. तेव्हा तुम्ही काय केलंत? तुमच्या जागी कुणीही काइटवाला करेल तेच. धावत किनाऱ्यावर आलात, मोठे काइट पसरलेत आणि पंपानं त्यांच्यात हवा भरायला लागलात. वारा हलका झाला की काइट मोठा. एरवी हे बरोबरच आहे, मीच तुला शिकवलंय.

पण त्या दिवशीचा वारा दमून पडला नव्हता गं. डोंगरावरचा ढग एवढा वाढला की तो खालची हवा स्वतःकडे ओढायला लागतो. समुद्रावरून येणारा वारा मग आपला मरतो. आणि पाऊस सुटला की वरची गार हवा धाडकन खाली येते, जमिनीवर पसरते आणि किनाऱ्याकडे धावत सुटते. तीही उलट्या दिशेनं, जमिनीकडून पाण्याकडे, दुप्पट जोरानं. नेमकं त्याच वेळी हवेत काय असतं? घरातला सगळ्यात मोठा काइट, आणि त्याला कमरेनं बांधलेली माझी बहीण. म्हणजे बहीण असं नाही. त्याला बांधलेलं कुणीही.

मी हिरवा उतरवला. ‘सावध’वाल्या पिवळ्याच्या भानगडीत न पडता सरळ लाल चढवला, सगळे पाण्याबाहेर.

पुढचं तुला माहीत आहे. लाल चढला की तासभर उतरत नाही, हा नियम माझ्या आधीपासूनचा. ढग डोंगराच्या कडेकडेनं सरकत भलतीकडेच निघून गेला. तास संपला तेव्हा आकाश घासून पुसून ठेवल्यासारखं स्वच्छ, आणि शर्यतीपुरता दिवस उरला नव्हता. पंचांनी होते तेच गुण धरले. वरच्या दोघी संघात गेल्या. पुढच्या वर्षी तू वयात बसत नाहीस.

आणि तू खांबाखाली आलीस. आपल्या क्लबात शंभर भांडणं होतात, पण खांबाखाली होत नाहीत. ज्यानं लाल चढवला त्यानं तासभर खांबाशीच उभं राहायचं, म्हणजे हे कुणा माणसानं केलंय ते सगळ्यांना दिसतं. आणि त्या तासात त्याला कुणी काही बोलायचं नाही. काय शिव्या द्यायच्या त्या नंतर शेडमध्ये, चहा घेताना. तुला हे पाळण्यातच कळलं होतं. तरी आलीस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, ‘‘तू माझी आई नाहीस.’’ वर म्हणालीस, ‘‘मी पाण्यात नसते तर लावला असतास का लाल?’’

पहिल्याचं उत्तर: नाहीये. आई कधी ओरडायची नाही, मी ओरडते. पण आई गेल्यावर तुझ्या वेण्या घालायला दुसरं कुणी पुढे आलं नाही, त्याला मी काय करू?

दुसऱ्याचं उत्तर: लावला असता. कुणीही असतं तरी लावला असता.

क्लबात सगळं ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो आणि बाबाही.

तुझी, तुला आवडो न आवडो,
ताई


२४ मार्च

भिंगरे,

बाबांच्या प्रक्षेपणावरून कळलं की तू तिथल्या हॉटेलच्या काइट शाळेत शिकवायला लागलीस. नवशिक्यांना! तू! तुझ्याकडे तर माशी हाकलण्याइतकाही धीर नाही. पण छान झालं. खरंच छान झालं.

तुझा किनारा मी रोज सकाळी कॉम्प्युटरवर बघते. आपला नंतर. हसू नकोस. उपग्रहानं काढलेली ढगांची चित्रं सगळ्यांना फुकट दिसतात, मीही बघते. तुझ्यामागे डोंगर आपल्यापेक्षा जवळ आहेत आणि मधे एक खिंड आहे. म्हणून तुला एक सांगायचंय. ऐकलंस तर माझ्यावर उपकार नाहीत, नाही ऐकलंस तर तुझ्याकडे शिकायला येणाऱ्यांवर अपकार आहेत.

जमीन म्हणजे आपले बाबा. सकाळी एवढ्या-तेवढ्यानं तापतात आणि दिवे लागायच्या आत थंड. समुद्र म्हणजे तू. राग चढायलाही वेळ आणि उतरायला तर विचारूच नका. दुपारी जमीन तापून तिच्यावरची हवा वर गेली की रिकामी जागा भरायला समुद्राची गार हवा आत येते. हा आपला शिकवायचा वारा. पडलं कुणी तर तो किनाऱ्याकडे आणून सोडतो. रात्री उलटं होतं. जमीन गार, समुद्र अजून धुमसतोय, म्हणून वारा जमिनीकडून पाण्याकडे. तो सकाळी ऊन वर येईपर्यंत टिकतो, आणि तुमच्याकडे खिंडीतून दाबून येत असल्यामुळे अंमळ जोरातच असणार.

त्या वाऱ्यात पाणी सपाट दिसतं. लाट नाही, फेस नाही. नवशिक्या माणसाला वाटतं, वा, आज काय सोपं आहे! सोपं जाणं आहे, परत येणं नाही. पाण्यात पडला की तो वारा त्याला हळूच आत आत नेतो, आणि किनाऱ्यावरून बघणाऱ्याला वाटतं मजेत चाललाय.

तेव्हा हॉटेलचे पाहुणे नाश्त्याआधी ‘एक फेरी मारू’ म्हणाले तर सरळ नाही म्हण. तुला ‘नाही’ म्हणायला चांगलं जमतं, मी अनुभव घेतेय.

मी सध्या शेडमध्येच जास्त असते. फाटलेले काइट साचलेत, बाबांच्या तंबू शिवायच्या मशीनवर बसून शिवते. सुई जाड लागते, बोटं सोलतात. बाकी क्लबात काही विशेष नाही.

ताई


११ एप्रिल

भिंगरे,

आज तुला हसवायला लिहितेय. माझी फजिती ऐक.

शाळेच्या बाई मुलांना घेऊन येणार होत्या. वीस-बावीस पोरं, प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट, पोरापेक्षा मोठं. बाईंनी आदल्या दिवशी शेडमध्ये येऊन मला विचारलं, ‘‘उद्या वारा मिळेल का हो?’’ आता मला तसं कुणी रीतसर विचारत नाही, म्हणून मी जरा फुगलेच. चित्रं बघितली, बाहेर जाऊन नाक वर करून आले आणि ऐटीत सांगितलं, ‘‘दुपारी असा वारा सुटेल की पोरांना आवरावं लागेल.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर वर पातळ, दुधाळ ढगांचा थर. चादर अंथरावी तसा. ऊन येतंय पण त्यात दम नाही. जमीन तापेचना. जमीन तापली नाही तर समुद्राला आत यायचं कारणच काय? दुपार झाली, वारा नाही. चार वाजले, वारा नाही. पोरांनी सगळी केळी खाल्ली, सालांची शर्यत लावली, एकानं हेल्मेटमध्ये वाळू भरून घर बांधलं. बाई माझ्याकडे बघायच्या आणि मी सुईत दोरा ओवायचे. शेवटी एक चिंगी पुढे आली आणि म्हणाली, ‘‘मावशी, तुमचा वारा हरवला का?’’

बचावबोट चालवणारे आपले बोटवाले काका इतके हसले की त्यांना बोटीला धरून बसावं लागलं. आपल्याच बोटीतून त्यांना वाचवायची पाळी आली होती.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, ‘‘चुकतेस ते बरं आहे. नाहीतर तुझ्याबरोबर राहणं कठीण आहे.’’

तू हसलीस का? हसली असशील तर एक साधा कोरा मेसेज टाक. नाहीतर राहू दे.

ताई


२८ एप्रिल

भिंगरे,

बाबांच्या तोंडात तीळ भिजत नाही. रविवारी मी दूध आणायला खाली गेले तेवढ्यात त्यांनी तुला सगळं सांगून टाकलं. परत आले तर चेहरा असा, जणू काही मांजरानं दूध प्यायलंय आणि मांजर तेच. विचारलं, काय झालं? म्हणाले, ‘‘काही नाही, हवेबद्दल बोलत होतो.’’ आपल्या घरात हवेबद्दल बोलणं म्हणजे काय ते मला कळत नाही होय?

तर आता लपवण्यात अर्थ नाही. क्लबाचा झेंडा आता माझ्याकडे नाही. तू गेलीस त्याच्या पुढच्याच आठवड्यात कमिटीनं काढून घेतला. सेक्रेटरी स्वतः शेडमध्ये आले, स्टुलावर बसले, माझा चहा घेतला आणि म्हणाले, ‘‘लोकांचा विश्वास उडालाय हो. एवढी मोठी स्पर्धा, बाहेरचे पाहुणे, आणि वादळ काही आलं नाही.’’ आता खांबावर तीन दिवे बसवलेत, वारा मोजायच्या यंत्राला जोडून. यंत्र चांगलं आहे. आत्ता खांबावर किती वारा आहे ते बरोबर सांगतं. मागच्या डोंगरावर काय शिजतंय ते त्याला विचारायचं नसतं, इतकंच. असो. मी त्याच्याविरुद्ध काही बोलणार नाही. माझा पण वारा हरवतोच की.

तुला सांगितलं नव्हतं, कारण तुला वाटलं असतं ताई दया मागतेय. मला दया नकोय. मला तू हवी आहेस, भांडायला तरी.

बाबा म्हणाले, तू सगळं ऐकून घेतलंस. मग विचारलंस, ‘‘मग ती आता काय करते?’’ बाबा म्हणाले, ‘‘शिवते.’’ तू म्हणालीस, ‘‘बरं.’’

बरं! एवढंच! त्या एका शब्दावर मी दोन दिवस डोकं फोडलं. ‘बरं झालं’मधलं बरं, का ‘बरं, बघते’मधलं बरं? बाबांकडून तीनदा म्हणवून घेतलं. ते दर वेळी वेगळ्या सुरात म्हणतात. काही उपयोगाचे नाहीत.

आता दुसरी गोष्ट. ही लिहू की नको करत बसले होते.

तुझा तो प्रश्न. मी पाण्यात नसते तर लावला असतास का? पहिल्या पत्रात मी ठणकावून लिहिलं, लावला असता. लिहिताना खरंच वाटत होतं. पण इथे मशीनवर बसलं की हात चालतात आणि डोकं रिकामं असतं. त्या रिकाम्या डोक्यात तू येऊन उभी राहतेस आणि परत तेच विचारतेस.

खरं सांगू? मला माहीत नाही. ढग होता. वारा पडला होता. हे दोन्ही मी कल्पलेलं नाही. पण तू पाण्यात असलीस की मला आकाश जरा जास्तच काळं दिसतं, तू पाच वर्षांची असल्यापासून. त्या दिवशी त्या काळ्यातलं किती ढगाचं होतं आणि किती माझं, हे मला वेगळं काढता येत नाही. दुसऱ्या कुणासाठी मी पाच मिनिटं जास्त थांबले असते का? आधी पिवळा लावून बघितला असता का? कुणास ठाऊक. याचं उत्तर शोधायचं तर तुला पाण्यातून वजा करून तोच दिवस परत आणावा लागेल, आणि ते कुणालाच जमायचं नाही.

म्हणून ‘कुणीही असतं तरी’ हे वाक्य मी परत घेते. लाल परत घेत नाही.

ताई


१५ मे

भिंगरे,

अडीच आठवडे झाले. काही नाही. बाबा म्हणतात, पाकिटं परत येत नाहीत म्हणजे कुणीतरी घेतंय. मी म्हटलं, हॉटेलवाले बंब पेटवायला घेत असतील.

आज रडगाणं गाणार नाही. कामाचं लिहिते.

तुझ्याकडे हवा बदलतेय. इतके दिवस कोरडी होती, आता समुद्राचं पाणी तापलंय आणि हवेत ओल आलीय. चित्रांत दिसतंय की दुपारी तुझ्या डोंगरांवर गड्डे धरायला लागलेत. अजून लहान आहेत, दिवेलागणीला विरून जातात. पण पुढच्या दोन-तीन आठवड्यांत एखाद्या दुपारी वारा अचानक पडेल. सगळे ‘मोठा काढा, मोठा काढा’ करतील. तेव्हा आधी मागे वळून बघ. एवढंच. मागे वळून बघ आणि मग तुला जे वाटेल ते कर. माझं ऐकू नकोस, स्वतःच्या डोळ्यांचं ऐक. तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत, मला आता सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो.

बाबांनी तुझ्या खोलीतला पंखा दुरुस्त केला. कुणासाठी विचारलं तर म्हणाले, पंख्यासाठी.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. थकले आहे थोडी. तू बोलली नाहीस तरी मी लिहीन, पण आता महिन्यातून एकदा लिहीन.

ताई


६ जून

भिंगरे, माझ्या बाये,

तुझं पत्र आलं. पोस्टमननं शेडमध्येच आणून दिलं. मी अक्षर बघितलं आणि मशीन चालू ठेवूनच उठले. अर्धा हात शिवण वाकडीतिकडी गेली, ती आता उसवावी लागणार. बाबा काठी टेकत मागे आले, ‘‘काय लिहिलंय? काय लिहिलंय?’’ मी म्हटलं, ‘‘माझं आहे. तुमचा फोन असतो तेव्हा मी मागते का?’’ मग दया आली, मोठ्यानं वाचून दाखवलं. पण मधेच मला वाचता येईना म्हणून पुढचं त्यांनी वाचलं, आणि त्यांनाही फार लांब जमलं नाही.

तू लिहिलंयस तसंच मी परत लिहून काढते, म्हणजे मला नीट कळलं का ते बघ.

कुठल्याशा कंपनीची सहल आली होती. वारा चांगला होता, सगळे खुशीत होते, आणि दुपारी वारा पडला. मालक म्हणाला, मोठे काइट काढा, पाहुण्यांचा दिवस फुकट जायला नको. तू मागे वळून बघितलंस. तुमच्याकडे झेंडा-बिंडा काही नाहीच, तर तू वल्ह्याला हॉटेलचा लाल टॉवेल बांधलास, वल्हं वाळूत रोवलंस आणि त्याच्याशी उभी राहिलीस. सगळ्यांना पाण्याबाहेर काढलंस. मालक ओरडला. पाहुणे कुरकुरले, एकानं तुझा टॉवेलसकट फोटो काढला. तू तासभर हलली नाहीस.

‘‘आणि ताई, वादळ आलंच नाही.’’

हे वाक्य तू खाली रेघ मारून लिहिलंयस. पुढे लिहिलंयस, ‘‘ढग आला तसा गेला. ऊन पडलं. सगळे हसले. मालकानं सगळ्यांसमोर झापलं. मी काइटच्या खोलीत जाऊन दार लावून रडले. तेव्हा मला आठवलं की तू तर रडलीही नव्हतीस, खांबाशी उभी होतीस, आणि मी तुला तिथे येऊन बोलले. ताई, त्यातल्या एकालाही मी ओळखत नव्हते. एकाचंही नाव मला माहीत नव्हतं. एक जण तर अतिशय उद्धट होता, तो उडून गेला असता तर मला फार वाईटही वाटलं नसतं. तरी आकाश काळंच दिसलं गं. तू म्हणतेस ना, किती ढगाचं आणि किती माझं कळत नाही? मला कळलं. ढगाचंच होतं. तुझंही ढगाचंच होतं.’’

इथे मला वाचता येईनासं झालं.

मी इतके महिने त्या मशीनवर बसून जे सोडवू शकले नाही, ते तू एक टॉवेल बांधून सोडवलंस. आणि वर विचारतेस, मला माफ करशील का! गप्प बस. उद्धट माणसाबद्दल असं लिहू नये, एवढं फक्त तुला मोठी बहीण म्हणून सांगते. बाबा त्याच वाक्याला सगळ्यात जास्त हसले.

आणखी एक लिहिलंयस, ते फार लहान अक्षरात, कोपऱ्यात. की उभं असताना तू मनात म्हणत होतीस, ये रे बाबा, ये एकदाचं, म्हणजे या सगळ्यांना कळेल. आणि नंतर तुला त्याची लाज वाटली. अगं वेडे, लाज कसली? लाल लावून उभं राहिलेल्या प्रत्येकाला ते वाटतं. बोटवाल्या काकांना वाटलंय, मला वाटलंय. माणूस आहोत आपण, खांब नाही. वाटू दे. तसं वाटूनही तू एकालाही पाण्यात जाऊ दिलं नाहीस ना? मग झालं.

पण वादळ आलं नाही म्हणून तू चुकलीस असं जे तुला दर ओळीत वाटतंय, ते आता सोड. ढग कुठे वळेल ते वरच्या वाऱ्यावर असतं, आणि ते ऐनवेळी कुणाला सांगता येत नाही. मला नाही, यंत्राला नाही, तुझ्या मालकाला तर नाहीच. आपल्याला एवढंच कळतं की आता वळला नाही तर काय होईल. वादळ आलं नाही. बरं झालं. ती सगळी माणसं कुरकुरत जेवली आणि झोपली. आणखी काय हवं होतं आपल्याला?

तू माझा नंबर सुरू केलायस असं लिहिलंयस. मी अजून फोन केलेला नाही. आधी हे पत्र पुरं करते, कारण फोनवर मला रडू येईल, तू हसशील, मग मी चिडेन, आणि जे सांगायचंय ते राहून जाईल.

तू लिहिलंयस, ‘‘त्या दिवशी तुला कसं वाटलं होतं, हे मी कधी विचारलंच नाही.’’ तर सांगते. राग आला होता. तुझा, सेक्रेटरींचा, त्या मेल्या ढगाचा. तो राग केव्हाच गेला. तुझी निवड गेली त्याचं वाईट वाटलं, ते अजून वाटतं आणि वाटत राहील. पण त्या सगळ्याखाली एक होतं, ते मी कुणाला बोलले नाही. तासभर मी तिथे उभी होते. एवढा मोठा किनारा, एवढी माणसं, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे, आणि डोंगराकडे बघणारी मी एकटी. घरी आले तरी एकटी. शेडमध्ये बसले तरी एकटी.

आज दुपारी, तुझं पत्र आल्यावर, मी शेडबाहेर येऊन उगीचच डोंगराकडे बघत उभी राहिले. तिथे काही नव्हतं, स्वच्छ होतं. पण मनात आलं, तिकडे तूही आत्ता अशीच मागे वळून बघत असशील.

आता आपण दोघी आहोत.

ताई